पाचवी ते आठवीला चित्रकला शिकवताना : ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या कलाशिक्षकांसाठी

ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) पूर्ण करून ठाण्यात किंवा नवी मुंबईत नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी तुमच्या वाट्याला येतील : आठवड्याला जेमतेम दोन तासिका, पन्नास-साठ मुलांचा वर्ग आणि "स्नेहसंमेलनाचं डेकोरेशन तुमच्याकडे" असा निरोप. शिकवायचं कुठून सुरू करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. वही उघडा, फळ्यावरचं उतरवून घ्या, रंगवा, असाच प्रघात अनेक शाळांत आहे. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. खालचा क्रम त्या अनुभवातून बसला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. या वयातलं मूल समोर दिसतं ते काढत नाही, डोक्यात साठलेलं काढतं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. बाराव्या मजल्यावर राहणारं, खिडकीतून घोडबंदर रोडची वाहतूक पाहणारं मूलही "निसर्गचित्र काढा" म्हटलं की हेच काढतं. वर्षभराचं तुमचं काम म्हणजे त्याची नजर डोक्यातल्या चित्रावरून समोरच्या वस्तूकडे वळवणं. नजरेमागून हात आपोआप येतो.

१. सामानाची यादी

पालकांकडे यादी जाण्याआधी ती छोटी करा. महागडे सेट दिसायला छान असतात, पण चोवीस रंगांच्या पेटीमुळे मूल रंग मिसळायलाच शिकत नाही.

मुलांकडे :
– चित्रकलेची मोठी वही आणि सुटे कार्ट्रिज पेपर (इम्पीरियलचा पाव ताव, म्हणजे साधारण ११ × १५ इंच)
– एचबी, २बी आणि ४बी पेन्सिल. भूमितीसाठी वेगळी टोकदार एच
– कंपासपेटी, तिच्यातले गुण्ये खरोखर आहेत का, ते तपासा, कारण सर्वात आधी तेच हरवतात
– पोस्टर कलरच्या पाच बाटल्या : लेमन यलो, क्रिमझन, अल्ट्रामरिन ब्लू, पांढरा, काळा
– गोल ब्रश २ आणि ६ नंबर, एक चपटा ब्रश
– जुन्या डब्याचं स्टीलचं झाकण (पॅलेट म्हणून उत्तम), दोन मग आणि सुती फडकं

वर्गात : तांब्या, बादली, माठ, केटली, काचेचा ग्लास, विटा, पुठ्ठ्याची खोकी, दोन-तीन स्टुलं आणि एक गडद चादर. बहुतेक सामान शाळेच्या स्टोअरमध्ये सापडतं. माठ जांभळी नाक्याच्या बाजारातून आणा. रंगवलेला, नक्षीचा घेऊ नका, साधा लाल मातीचा घ्या.

६बी पेन्सिल सहावीपर्यंत वर्गात नको. ती हातात आली की मुलं पहिल्या रेषेपासून दाबून काढतात आणि कागद काळा होतो.

२. बैठक बदला

चित्रकलेच्या स्वतंत्र खोलीची वाट पाहू नका, ती मिळाली तर भाग्य. नेहमीच्या वर्गातही बाकं सरकवता येतात. साठ मुलांसमोर टेबलावर एकच तांब्या ठेवला तर मागच्या रांगेला तो दिसतच नाही आणि ती मुलं पुढच्याच्या वहीत बघून काढतात. त्याऐवजी चार-पाच ठिकाणी स्टूल ठेवा, प्रत्येकावर एक वस्तू आणि भोवती दहा-बारा मुलं. याचा दुसरा फायदा मोठा आहे : प्रत्येकाला वस्तू वेगळ्या कोनातून दिसते, त्यामुळे शेजाऱ्याचं उतरवून चालत नाही.

खिडकीच्या बाजूचे दिवे बंद करा. डोक्यावर सगळ्या ट्यूबलाइट चालू असल्या की सावल्या पुसट होतात आणि "मॅडम, सावली कुठंय?" हा मुलांचा प्रश्न बरोबरच असतो.

३. पहिला महिना नुसत्या रेषेचा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही लगेच रंगीत चित्रं पाहायची असतात. तरी महिनाभर रंग काढू नका. या महिन्यात दोनच सराव घ्या.

पहिला : खांद्यातून रेषा ओढणं. मनगट टेकवून काढलेली लांब रेषा तुटक येते. रद्दीच्या वर्तमानपत्रावर जाड खडूने आडव्या, उभ्या, तिरप्या रेषा आणि मोठी वर्तुळं हात सैल सोडून काढू द्या. पट्टी नको, खोडरबर नको.

दुसरा : कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढणं. डावा हात समोर धरायचा, नजर बोटांच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची. चित्र वेडंवाकडं येतं, वर्ग हसतो. हसू द्या. नंतर त्यांना विचारा, की करंगळीच्या पेराजवळची घडी आज पहिल्यांदा दिसली का? बहुतेक हात वर होतात.

खोडरबराबद्दल माझा नियम ठाम आहे : पहिली पंधरा मिनिटं तो बाकाखाली. चुकलेली रेषा राहू द्यायची, तिच्या शेजारी बरोबर रेषा काढायची. दोन्ही दिसल्या तरच फरक कळतो.

४. वस्तुचित्र : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तांब्या काढा म्हटलं की वर्गातली बहुतेक मुलं तोंड गोल काढतील आणि बूड सरळ रेषेने बंद करतील. तांब्या सपाट जमिनीवर बसतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून बूड सपाट. ही अडचण फळ्यावर समजावून सुटत नाही. हा प्रयोग करा.

काचेचा ग्लास घ्या, अर्धा भरा, पाण्यात थोडा निळा रंग घाला. आता वर्गासमोर तो मुलांच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत धरा. पाण्याची पातळी एका आडव्या रेषेसारखी दिसते. ग्लास हळूहळू खाली आणा. रेषा उघडू लागते, चपटं लंबवर्तुळ होतं, आणखी खाली आणला की ते फुगत जातं. मग ग्लास स्टुलावर ठेवा आणि विचारा : तोंड, पाणी आणि बूड या तिघांत जास्त गोल कोण? काच पारदर्शक असल्यामुळे तिन्ही एकदम दिसतात. बूड डोळ्यापासून सर्वात खाली, म्हणून तेच सर्वात गोल. त्यानंतर तांब्याचं बूड सपाट काढणारं मूल क्वचितच सापडतं.

पायऱ्या अशा ठेवा :

क) पेन्सिल हातात धरून हात सरळ ताणायचा, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा. वस्तूची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर मोजायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर वाकलं की माप बदलतं. सर्वाधिक गडबड इथेच होते.

ख) कागदावर वस्तू किती जागा घेणार, ते चार हलक्या खुणांनी ठरवायचं. या वयाची मुलं कागदाच्या मधोमध लिंबाएवढा माठ काढतात. खुणा आधी केल्या की ते थांबतं.

ग) उभी मध्यरेषा. तांब्या, बादली, माठ यांच्या दोन्ही बाजू तिच्यापासून सारख्या अंतरावर.

घ) लंबवर्तुळं पूर्ण काढायची, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. त्यांची टोकं गोलाकार हवीत. माशाच्या आकारासारखी टोकदार झाली की भांडं मोडल्यासारखं दिसतं.

च) मग बाजूच्या रेषा, कान, मूठ, तोटी.

एक वस्तू जमली की दोन ठेवा, पुढची मागचीला थोडी झाकेल अशी. तिथे दुसरा पाठ सुरू होतो : दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचा आकार. खुर्ची उलटी ठेवून तिच्या पायांमधल्या फटी तेवढ्या काढा, असं सांगितलं की सहावीतली मुलं अवाक होतात, कारण फटी बरोबर आल्या की खुर्ची आपोआप उभी राहते. अवकाश हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

५. छटा

पाच चौकोन आखून पांढऱ्यापासून गडदपर्यंत पेन्सिलीच्या पाच छटा भरून घ्या. मग वीट किंवा खोका खिडकीजवळ ठेवा : वरचा पृष्ठभाग उजळ, एक बाजू मध्यम, दुसरी गडद. गोल वस्तूवर जाण्याआधी खोक्यावर दोन आठवडे थांबा. बोटाने घासून छटा पसरवायची सवय मुलं एकमेकांकडून उचलतात, ती मोडा. घासलेल्या करड्यात मातीचा माठ आणि स्टीलची बादली सारखीच दिसतात. पोत येतो तो रेषेच्या दिशेतून.

६. रंग, आणि पावसाळ्याचा हिशोब

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की कागद आधीच सैल पडलेला असतो आणि पोस्टर कलर एका तासिकेत वाळत नाही. ओल्या चित्रांची चळत लावली तर दुसऱ्या दिवशी ती एकमेकांना चिकटलेली मिळतात. शक्य असेल तर या दोन महिन्यांत पेन्सिल, भूमिती आणि तेलखडू जास्त घ्या. रंगकाम करायचंच असेल, तर वर्गात दोरी बांधून चिमट्यांनी चित्रं टांगा.

मिश्रण शिकवताना लाल आणि निळा कुठला, याला फार महत्त्व आहे. क्रिमझन आणि अल्ट्रामरिन मिसळून छान जांभळा येतो. शेंदरीकडे झुकणारा व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लू मिसळला तर मातकट चिखल मिळतो, कारण त्या लालात पिवळा आहे आणि त्या निळ्यात हिरवट झाक. तिन्ही मूळ रंग एकत्र आले की रंग मरतो. मूल बिचारं समजतं, की आपल्यालाच जमत नाही. म्हणूनच यादीत मी रंगांची नावं नेमकी दिली आहेत.

रंगचक्र एका तासात उरका. खरा सराव पानांचा. आंब्याचं जून पान, कढीपत्ता आणि केळीच्या पानाचा तुकडा आणा, वहीवर ठेवा आणि शेजारी तसाच हिरवा तयार करायला सांगा. तयार हिरव्याची बाटली वर्गात आणायची नाही. पिवळ्यात निळा, मग लालाचा टिपका. पिवळ्यात किंचित काळा घातला तरी शेवाळी हिरवा येतो, हे मुलं स्वतः शोधून काढतात आणि शेजाऱ्याला ओरडून सांगतात. तो गोंगाट चालू द्या.

पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो : फिके रंग थोडे गडद होतात, गडद थोडे फिके. म्हणून आधी कोपऱ्यात ठिपका लावून वाळू द्यायचा. आणि रंगाची घनता ताकाएवढी ठेवायची. पातळ झाला तर डाग पडतात, घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो.

७. संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती एकत्र शिकवा

संकल्पचित्र म्हणजे नक्षीची रचना, कर्तव्यभूमिती म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या काढणं. या दोन विषयांची ताटातूट का केली जाते, ते मला समजलेलं नाही. वर्तुळाच्या त्रिज्येएवढाच कंपास परिघावर सहा वेळा बसतो. सहा खुणा जोडल्या की षटकोन. हे कोरडं भूमितीत शिकवलं तर विसरलं जातं. त्याच सहा भागांत पाकळी बसवून नक्षी करायला दिली तर वर्षभर लक्षात राहतं. वर्ग गणिताच्या शिक्षकांनी मागून घेतला असेल, तर त्यांना हे चित्र दाखवा. पुढच्या वेळी तासिका मागताना त्यांचा सूर बदललेला असतो.

क्रम :

पहिल्यांदा घटक. शाळेच्या आवारातलं जास्वंदाचं फूल किंवा कुठलंही पान बघून काढायचं, मग त्यातला फापटपसारा काढून टाकत तीन-चार रेषांपर्यंत आणायचं.

मग पुनरावृत्ती. तोच घटक ओळीने, उलटसुलट, एकाआड एक लहान-मोठा. साडीचा काठ घरातून बघून यायला सांगा. पैठणीचा असो की रोजच्या सुती साडीचा. आईला किंवा आजीला विचारून काठातली बुट्टी कितव्या इंचाला परत येते, ते मोजून आणणं हा उत्तम गृहपाठ आहे. ठिपक्यांची रांगोळी तर जाळीवरच्या संकल्पनाचा तयार धडा. मुलं ती लहानपणापासून पाहत आलेली असतात.

मग पार्श्वभूमी. काळ्या कागदाचा चौकोन पांढऱ्यावर चिकटवायचा, त्याच्या कडेतून आकार कापायचा आणि कापलेला तुकडा कडेबाहेर उलटा लावायचा. काळा आणि पांढरा दोन्ही आकार होतात. नक्षीतली रिकामी जागा उरलेली जागा नसते, हे इथे बोलावं लागत नाही.

तोल, लय, विरोध (ठळक फरक), प्रमाण ही तत्त्वं व्याख्या पाठ करून घेऊ नका. दोन नक्ष्या शेजारी लावा, "डोळा कुठे अडतो?" एवढं विचारा आणि मुलांच्या उत्तराला तो शब्द जोडा.

वारली चित्रकला या टप्प्यावर घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे ही कला आपल्या शेजारची आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे मुलांना जरूर सांगा, आणि लग्नघरात चौक (लग्नाचं भित्तिचित्र) लिहिण्याचं काम परंपरेने बायकांचं, हेही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन, एवढ्यावर ते सगळं जग उभं आहे. मोबाइलवरून तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा) नाच उतरवून घेऊ नका. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं धड कसं वाकतं, कसं धावतं, ते समजावून त्याच पद्धतीने मधल्या सुट्टीतलं मैदान काढायला द्या. शाळेबाहेरचा वडापाववाला आणि रिक्षाची रांगही त्यात येते, आणि चित्र मुलांचं स्वतःचं होतं.

८. अक्षरलेखन

थोडक्यात : शिरोरेषा सारख्या जाडीची, अक्षरांमधलं अंतर पट्टीने नव्हे तर नजरेने. आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापून बोरू करा, त्याने 'ठाणे', 'वाशी', 'नेरूळ' लिहून घ्या. स्टेशनवरची पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं लांबून का वाचता येतात, हा प्रश्न विरोध शिकवायला पुरेसा आहे.

९. यथार्थदर्शन व्हरांड्यात शिकवा

यथार्थदर्शन म्हणजे दूर जाणाऱ्या गोष्टी दिसतात तशा काढणं. लोपबिंदूची (दूर जाणाऱ्या कडा जिथे भेटताना दिसतात त्या जागेची) आकृती फळ्यावर काढण्याआधी मुलांना शाळेच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला बसवा. डोळ्यासमोर आडवी पट्टी धरायची : छताची कड खाली उतरते, फरशीची वर चढते, दोन्ही एका ठिकाणी भेटतात. मग उभं राहून पुन्हा. नेत्रपातळी वर गेली, भेटण्याची जागाही वर गेली. हे सातवी-आठवीलाच घ्या, पाचवीला घाई नको.

१०. स्मरणचित्रातली माणसं

स्मरणचित्र म्हणजे समोर नसलेला प्रसंग आठवणीतून काढणं. त्यात मुलं माणसांना पुतळ्यासारखं समोर तोंड करून उभं करतात. म्हणून एका मुलाला पुढे बोलवा, बादली उचलण्याच्या पवित्र्यात अर्धा मिनिट उभं करा आणि बाकीच्यांना काडीचित्र काढू द्या : डोकं, कण्याची रेषा, खांदे, कंबर, हातपाय. प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला पाच पवित्रे. प्रमाणही सांगा : मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी, दहा-अकरा वर्षांच्या मुलाची सहा ते साडेसहा.

विषय आसपासचे द्या. तलावपाळीवरची संध्याकाळ, ठाण्याचा फलाट, पावसातला बसथांबा, चेंदणी किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा. "बागेतलं दृश्य" दिलंत की घसरगुंडी, झोपाळा आणि हसरा सूर्य परत येणार.

११. वर्गाबाहेर नेताना

लागणारी तयारी : मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी, आणि सोबत किमान आणखी एक शिक्षक. मासुंदा तलाव, उपवन, नवी मुंबईत नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई ही सोयीची ठिकाणं. हिवाळ्यात खाडीकाठी रोहित पक्षी आले, की आठवीच्या मुलांना नेण्यासारखं दुसरं काही नाही : अंड्याच्या आकाराचं धड, वळलेली मान, काडीसारखे पाय. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पाणी भरलेलं असलं तर चिखलात चरणारे पक्षी जवळून दिसत नाहीत. एका तासात पाच छोटी रेखाटनं पुरे, पूर्ण चित्राचा आग्रह नको.

१२. तपासताना

मुलाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल कधीही चालवू नका. दुरुस्ती दाखवायची तर वहीच्या कडेला किंवा वेगळ्या कागदावर दाखवा. शेरा 'छान' किंवा 'सुधारणा हवी' असा मोघम नको, "बादलीचं बूड पुन्हा बघ", "डावीकडची जागा रिकामी का सोडलीस?" असा लिहा. चित्रांवर तारीख घाला आणि फाइलमध्ये लावा. पालकसभेत जूनचा तांब्या आणि डिसेंबरचा तांब्या शेजारी ठेवा. "आमच्या मुलीचं चित्र तितकंसं सुंदर दिसत नाही" म्हणणारे पालकही मग स्वतःहून फरक दाखवू लागतात.

१३. ग्रेड परीक्षा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र (एकत्र मांडलेल्या वस्तूंचं चित्र) आणि भूमितीत घनभूमितीची (त्रिमित आकारांची) भर. म्हणजे वर सांगितलेला क्रम पूर्ण केला तर एलिमेंटरीसाठी वेगळं काही शिकवायचं उरत नाही, उरतो तो वेळेत पूर्ण करण्याचा सराव. नोंदणी शाळेमार्फत होते. तारखा, शुल्क आणि दहावीच्या वाढीव गुणांचे नियम यांसाठी चालू वर्षाचं परिपत्रकच वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

दोन सापळे टाळा. एक, क्लासमध्ये घोटवून घेतलेली ठरावीक संकल्पचित्रं. विषयात चौकोनाऐवजी षटकोन आला की ती मुलं कोलमडतात. दोन, रंगाला उशीर. सराव पेपरात रेखाटन अर्ध्या वेळात संपवायची सवय लावा आणि शेवटची वीस मिनिटं वाळण्यासाठी आणि कडा नीट करण्यासाठी राखून ठेवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची पिशवी उघडून पाहा : ड्रॉइंग बोर्ड, चिमटे, दोन मग, फडकं, टोक केलेल्या पेन्सिली, आणि बाटल्यांची झाकणं उघडतात का ते. पावसाळ्यात बंद राहिलेलं झाकण वाळलेल्या रंगाने घट्ट बसतं. कोमट पाण्यात थोडा वेळ बाटली उलटी धरली की ते निघतं.